दोन सर्व्हर आणि आमचा साहेब

मी बोलायला लागले की आमचा साहेब आधी तळहात समोर धरायचा. मग म्हणायचा, "मॅडम, आमाला शिकवू नका." तुम्हीही असा एखादा साहेब सोसला असेल. मी निघोज्याच्या कारखान्यात चार वर्षं सोसला.

आमच्याकडे मालाच्या प्रत्येक पेटीवर नंबराचं स्टिकर लागतं. ते छापणारा सर्व्हर एकदा भरदुपारी बंद पडला आणि ट्रक पार गेटपर्यंत तटले. मालकांनी फर्मावलं, दुसरा सर्व्हर घ्या.

दोन सर्व्हर वापरायचे कसे, यावर आमचं वाजलं. मी म्हणत होते, क्लस्टर करू. नंबरांच्या नोंदी एकाच जागी राहतील, एक सर्व्हर काम करील, तो पडला तर दुसरा ते काम उचलेल. साहेबाला हवं होतं लोड बॅलन्सिंग, म्हणजे दोघांनी काम वाटून घ्यायचं. नुसत्या वेबसाइटला ते ठीक; इथे दोघं आपापल्या नोंदी ठेवतील, नंबर जुळणार नाहीत, हे मी परोपरीने सांगितलं.

"एक मशीन नुसतं बसून राहणार? न्हाई जमायचं," तो म्हणाला. मालकांना त्याने सांगितलं की मॅडमना नव्याची भीती वाटते.

शेवटी त्याच्या मनासारखं झालं. तिसऱ्याच आठवड्यात एकाच नंबराच्या दोन-दोन पेट्या निघाल्या आणि गिऱ्हाइकाने अख्खा ट्रक परत पाठवला. भरल्या मीटिंगमध्ये साहेबाने माझ्याकडे बोट केलं. जोडणी हिनेच केली, म्हणाला. केली होतीच. हुकूम कुणाचा, ते त्याने सांगितलं नाही. मी सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही.

मग निमूटपणे मी क्लस्टर उभं केलं. एका सकाळी, चालू शिफ्टमध्ये, कुणालाही न सांगता साहेब सर्व्हर रूममध्ये शिरला आणि माझ्यादेखत त्याने चालत्या सर्व्हरची वायर उपटली. मला तोंडघशी पाडायला. बाहेर प्रिंटर गप्प झाले. अर्ध्या मिनिटाने पुन्हा करकरू लागले. दुसऱ्या सर्व्हरने काम उचललं होतं.

"अर्धं मिनिट थांबलंच की," तो म्हणाला. उपटलेली वायर अजून त्याच्या हातातच होती. क्षणभर मला त्याची कीव आली.

"सर, वायर लावा," मी म्हटलं.

दिवाळीनंतर त्याने कंपनी सोडली. सगळे कॅन्टीनमध्ये निरोपाचे पेढे खायला गेले, मी गेले नाही. जाताना तो सर्व्हर रूमच्या काचेपाशी थांबला. मी दार उघडावं, असं त्याला वाटत असावं. मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. वर पाहिलं तेव्हा गार काचेवर त्याच्या श्वासाची वाफ तेवढी होती. बाहेर जाऊन ती मी ओढणीने पुसून टाकली.