रामदासच्या बॅटरीचा उपास

खडकी बाजारामागच्या गल्लीत दिवेलागणीला एका घरातून घुर्र घुर्र आवाज यायचा. नवा माणूस दचकायचा. जुने म्हणायचे, "काही नाही हो, रामदास बॅटरीचं पोट रिकामं करतोय."

रामदास किचन ट्रॉल्या बसवायचा, पडद्यांचे रॉड लावायचा, भिंतीवर टीव्ही टांगायचा. वडील ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. पोरानंही तिथंच चिकटावं असं त्यांना फार वाटायचं. पण भरती बंद झाली आणि पोराच्या हाती करवत आली. पुढं कॉम्प्युटरवाल्यांनी पुण्याच्या चहूकडे फ्लॅट घ्यायचा सपाटा लावला आणि रामदासला दिवस बरे आले. बिनवायरची ड्रिल मशीन खडकीत आपणच पहिल्यांदा आणली, असं तो सांगायचा. खरंखोटं कोण तपासतंय! आणली त्या दिवशी घरातल्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींचे चांगले धडधाकट खिळे उपटून त्यानं मशीननं नवी भोकं पाडली होती. बघायला निम्मी गल्ली जमली होती.

मशीन घेतली तेव्हा कसबा पेठेतल्या दुकानदारानं बजावलं होतं, "बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जरला लावायची नाही. अर्ध्यावर लावलीत, तर तिला अर्ध्याचीच सवय लागते." त्या काळच्या बॅटरीला ते लागूही होतं. रामदासनं मात्र त्याचा धर्मच केला. रोज कामावरून आला की उंबऱ्यात बसून मशीन नुसतीच फिरवायची. बंद पडली की थांबून परत दाबायची, अगदी शेवटचा आचका देईपर्यंत. मग रात्रभर तिला तशीच उपाशी ठेवायची आणि सकाळी चार्जरला लावायची. ती बॅटरी चिक्कार वर्षं चालली. रामदास हाताखालच्या पोरांना सांगायचा, "भूक लागल्याशिवाय जेवण नाही, माणसाला नाही आणि बॅटरीलाही नाही."

त्या पोरांतला एक समाधान, त्याचा मावसभाऊ. स्क्रू कसा धरायचा इथपासून सगळं रामदासनंच शिकवलेलं. पुढं समाधान वेगळा झाला आणि त्यानं नव्या जातीची, लिथियमच्या बॅटरीची मशीन घेतली. वजनाला हलकी, बॅटरीवर चार बारीक दिवे, किती भरलीय ते सांगणारे. रामदासनं ती हातात घेऊन बघितली, "खेळणं आहे" म्हणून परत दिली आणि घरी येऊन जेवला नाही. महिन्याभरात त्यानंही तसलीच मशीन आणली.

आणि तिथून त्याच्या जिवाची जी लाही व्हायला लागली, ती थांबेचना. मशीन तीच, बॅटरी तीच. पण रामदासची बॅटरी वर्षभरात मान टाकायची, चार्जर नुसता लाल डोळे मिचकावायचा. समाधानची चार वर्षं झाली तरी ठणठणीत! आणि ठेवायचा कशी? चहाला थांबला, लाव चार्जरला. जेवायला बसला, लाव चार्जरला. ना नेम, ना उपास. रामदासला वाटायचं, असल्या आळशी माणसाचं हे कसं टिकतं आणि मी एवढी शिस्त पाळून माझंच का मरतं? बायको चंपा म्हणायची, "त्याची टिकली तर तुमच्या पोटात का दुखतं?" दुखत होतं, त्याला तो काय करणार.

वाघोलीत तर गोष्ट हातघाईवर आली. तिथं साईनाथ नावाच्या जमीनवाल्यानं आपल्या शेतावर इमारती उठवल्या होत्या. पहिल्या इमारतीत दोघेही कामाला होते. मीटर बसले नव्हते, त्यामुळं वायरची मशीन कुचकामी. दुपारी रामदासची बॅटरी बसायची आणि तो जिन्यात विड्या ओढत बसायचा. वरच्या मजल्यावरून समाधानच्या मशीनचा आवाज संध्याकाळपर्यंत यायचा. साईनाथ एकदा येऊन म्हणाला, "दुसऱ्या बिल्डिंगीला बी लाईट नाय इतक्यात. ज्याची मशीन चालंल, त्यालाच आख्खं काम द्यायचं ठरिवलंय. आमाला काय, दोघं बी सारखेच हाय."

सारखेच! शिकवणारा आणि शिकलेला सारखेच! ते आख्खं काम समाधानला मिळालं असतं, तर रामदासला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तिसरी बॅटरी मेली तेव्हा तो कसबा पेठेत गेला. दुकान आता जुन्या मालकांची सून हेमा बघायची. तिनं बॅटरी उलटसुलट केली.

"काका, हिला रिकामी करून ठेवता का?"

"मग? नियमच आहे तो."

"जुन्या बॅटरीचा. ही अर्धी उतरली की खुशाल लावायची. वापरायची नसेल तर अर्धी भरून सावलीत ठेवायची. रिकामी ठेवली की संपली. खोक्यावर लिहिलेलं असतं सगळं. वाचायचे वेगळे पैसे घेत नाही आम्ही."

रामदास नवी बॅटरी घेऊन निघाला. म्हणजे समाधानला यातलं काही कळत नव्हतं, नुसता आळस त्याच्या पथ्यावर पडला होता! या विचारानं तो आणखीच जळला. हे कुणाला म्हणून सांगायचं नाही, असं त्यानं परतताना नदीच्या पुलावरच ठरवलं. त्या संध्याकाळपासून घुर्र आवाज बंद झाला.

पंधरवड्यानं समाधान घरी आला. पाठीला मशीनची बॅग.

"जय भीम, दादा. सासुरवाडीला निघालोय, घराचं बांधकाम आहे. साईनाथशेठचं काम सुरू व्हायच्या आत येतो. म्हटलं, जाताना तुम्हाला विचारावं. एवढे दिवस बॅटऱ्या कशा ठेवू?"

रामदासनं बॅगेकडे बघितलं. देव असा हातात आणून देतो म्हणतात, ते हेच. त्यानं शांतपणे सांगितलं, "पूर्ण रिकाम्या कर. एक थेंब ठेवू नकोस. आणि तशाच पत्र्याच्या पेटीत टाक."

समाधान मान हलवत होता, तेवढ्यात आतून चंपा चहा घेऊन आली.

"आलात भावजी?" म्हणत ती नवऱ्याकडे वळली. "अहो, ती तुमची बॅटरी अर्धी झाली होती, ती लावली हो मी चार्जरला. तुम्ही सांगितलंत तश्शी."

कोपऱ्यात चार्जरचा दिवा लुकलुकत होता. रामदासनं बशीत चहा ओतला तो निम्मा मांडीवर सांडला. समाधाननं मात्र फुंकर मारून सावकाश चहा संपवला.

"दादा," तो म्हणाला, "ते मला पहिल्या वर्षीपासूनच ठाऊक आहे. खोक्यावर लिहिलेलं असतं."

रामदासचा संताप मस्तकात गेला. स्वतःचं पितळ उघडं पडलंय हेही तो विसरला. "माझ्या तीन बॅटऱ्या मेल्या! डोळ्यांदेखत! तुला ठाऊक होतं, मग सांगितलं का नाहीस?"

"आत्ता तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

चंपानं दोघांच्या तोंडाकडे बघितलं, रिकाम्या कपबशा उचलल्या आणि आत गेली.

रामदास म्हणाला, "बॅग इथंच ठेव. अर्ध्या भरून ठेवतो, सावलीत. खरंच."

"कशा ठेवायच्या ते कळलं ना दोघांनाही," समाधान उठत म्हणाला. "बॅग घेऊनच जातो."

तो गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत रामदास उंबऱ्यात उभा होता. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही बॅग ठेवली नसती, हे त्याला पटत होतं. राग आता समाधानचा नव्हताच. म्हणजे तोही आपल्यावर जळत होता, आणि त्या पोरानं ते जळणं चार वर्षं पोटात ठेवलं, रोज दादा दादा करत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. आणि आपल्याला ते एक कप चहा होईपर्यंत जमलं नाही. हेही त्यालाच जमावं?

रामदासला त्याचाही हेवा वाटला.