पऱ्हाट्या न पेटवणारे कारभारी

धावड्यात कुठलीही गोष्ट आधी कारभारी करीत, मग गाव करी. त्यांनी गच्चीवर लाल टाकी बसवली, तर पाहता पाहता गावभर लाल टाक्या. कापूस वेचून झाला की रानात उभ्या वाळक्या पऱ्हाट्यांना पहिली काडीही त्यांचीच. संध्याकाळी सगळं शिवार धुरात.

हा धूर थांबवायला आलेल्या आकांक्षा मॅडमनी नेमकं हेच हेरलं. हवामानबदलावरचं भाषण ऐकून गाव चहा पितं आणि घरी जातं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून भाषण केलंच नाही. कारभारींना विचारून चौकात त्यांचा फेटेवाला फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'मी पऱ्हाट्या पेटवत नाही.'

फोटो झकास आला होता. कारभारी काम नसतानाही चौकातून जाऊ लागले. 'हो' म्हणाले होते ते फोटोला. मजकुराचं वजन नंतर कळलं. रान मोकळं व्हायला पाहिजे, पऱ्हाट्या बारीक करायला सांगितलेल्या कुट्टीच्या मशीनचा पत्ता नाही, आणि पेटवावं तर चौकात तोंड दाखवायची सोय नाही.

शेजारचे बद्रीनाथ रोज बांधावर येत, खिशातली काडीपेटी वाजवत.

"कधी पेटवता, कारभारी? तुमच्यासाठी थांबून राह्यलो."

"मशीन येऊन राह्यलं."

"मंग फोटोलाच इचारा, मशीन कधी येतं. तो जल्दी सांगंल."

एका दुपारी कारभारींच्या रानातून धूर निघाला. मोटारसायकलींची रांग लागली. बद्रीनाथ सगळ्यांत पुढे. पाहतात तर कारभारींच्या पत्नी गिरिजाबाई तीन दगडांवर मजुरांचा चहा उकळत बसलेल्या.

"चुलीत काय घातलं, वहिनी?"

"बाभळीच्या काटक्या, भावजी. पऱ्हाटीला हात लावू देत न्हाईत हे. म्हणतात, फोटो बदनाम होईल."

आलेच होते, तर सगळे चहा पिऊन गेले.

अखेर मशीन आलं. पऱ्हाट्यांचा भुगा रानभर पसरला. बद्रीनाथांनी मूठभर उचलून चोळून पाहिला आणि मशीनवाल्याला हळूच विचारलं, "आमच्याकडं कधी?"

मॅडम खूश झाल्या. "कारभारीभाऊ, हवामानासाठी एवढे थांबलात?"

"खोटं कशाला बोलू? हवामानासाठी एक दिवस न्हाई थांबलो असतो. बद्रीनाथ हसला असता ना."

"चालेल. धूर नाही झाला, बास. आता तुमच्या फोटोशेजारी बद्रीनाथभाऊंचाही फोटो लावते."



"लावा, बिलकुल लावा. फक्त माझ्यापेक्षा बारका लावा."