वन्सं आणि वरचा बोल्ट

नणंदेच्या आठवणी सांगायला बसले की लोकांना वाटतं, ही आता एक तर डोळे पुसणार, नाहीतर उणीदुणी काढणार. उणीदुणी मी त्यांच्या तोंडावर भरपूर काढली, शिल्लक काही ठेवलेलं नाही. डोळ्यांचं मात्र सांगता येत नाही, वयानं हल्ली तेही ऐकत नाहीत. मला सांगायचंय ते वन्संच्या उजव्या हाताबद्दल.

आमचं गॅरेज घराला लागूनच होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून दोन पायऱ्या उतरलं की थेट गॅरेजची फरशी. तिच्यावर तेलाचे इतके डाग की तिचा मूळ रंग मला लग्न होऊन आल्यापासून कधी कळला नाही. आमचे हे तिथे एकाच जातीच्या गाड्या दुरुस्त करायचे. पाठ गोल, इंजिन मागे, आणि ते इंजिन पाण्यानं नाही, तर वाऱ्यानं थंड होणारं. आम्ही त्यांना कासवं म्हणायचो. आज एखादं रस्त्यात दिसलं तर लोक थांबून फोटो काढतात. तेव्हा शाळेतल्या मास्तरांपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांकडे तीच गाडी, आणि सगळ्यांची कासवं कधी ना कधी आमच्या दारात. सकाळी त्यातलं एखादं सुरू झालं की फळीवरचे कप किणकिण करायला लागायचे. मी करवादायचे, की एक दिवस सगळे फुटतील. आता कप शांत असतात आणि मला करमत नाही.

या कासवाची एक खोड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देतो तो स्टार्टर. तो दोन बोल्टांवर बसतो. खालचा गाडीखाली झोपलं की समोरच दिसतो, त्याचं काही नाही. वरचा ज्यानं कुणी तिथे घातला, तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. त्या बोल्टाचं डोकं गाडीखालून धरायचं आणि नट मात्र पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, पंख्याच्या पत्र्यामागे. मागचं झाकण उघडून पत्र्याच्या आडून कोपरापर्यंत हात घालायचा, तेव्हा कुठे तो बोटांना लागतो. दिसत काहीच नाही. एकानं खाली झोपून डोकं धरायचं, दुसऱ्यानं वरून नट फिरवायचा, आणि मधे सगळं लोखंड. शिवाय तोच बोल्ट इंजिनालाही धरून ठेवतो, म्हणजे हयगय करायची सोय नाही.

यांचा पंजा फावड्यासारखा. त्या फटीत मनगटापुढे जाईल तर शपथ. आधी यांचा एक भागीदार होता, काटकुळा, तो वरचं काम करायचा. तो परगावी निघून गेला आणि यांची पंचाईत झाली. त्याच सुमाराला वन्सं परत आल्या.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि त्यांचा नवरा एक दिवस कामावर म्हणून गेला तो दुसऱ्याच बाईच्या घरी राहायला लागला. वन्संनी आरडाओरडा केला नाही. एक पेटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, थोडे दिवस राहते. ते थोडे दिवस एकतीस वर्षं चालले.

मी तेव्हा नवी. घर दोन खोल्यांचं, आणि राग माझ्या नाकावर तेव्हाही होताच. खरं सांगते, मला त्या नको होत्या. त्या डब्यांची झाकणं उलटी ठेवतात इथपासून आमचं सुरू व्हायचं. एका दुपारी हे गाडीखालून मला हाका मारत होते. मी रुसलेली, त्यामुळे ऐकूच येत नाही असं केलं. वन्सं दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. कपड्याचा चिमटा दातात तसाच ठेवून त्या आत गेल्या, बाही वर सारली आणि पत्र्यामागे हात घातला. भागीदाराला अर्धा तास लागायचा. वन्संनी दोनदा चाचपलं, चिमटा काढला आणि म्हणाल्या, "लागला."

तेव्हापासून ते काम त्यांचं. खाली हे, वर त्या. लोखंडातून बोलणं नीट पोचत नाही, म्हणून हे पान्यानं एकदा ठोकायचे म्हणजे धरलंय, आणि नट आट्यांवर चढला की वन्सं म्हणायच्या, लागला. हा एक शब्द आला की हे खाली निवांत. त्या शब्दावर त्यांनी शेकडो गाड्या रस्त्यावर पाठवल्या. मग नळावर दोघं बहीणभाऊ हात धुवायचे, वन्संचा हात कोपरापर्यंत काळा, आणि लहानपणीचं काहीतरी काढून हसत बसायचे. मी दारातून बघायचे आणि जळायचे. का खोटं बोलू.

एकदा कशावरून तरी पेटलं आणि मी बोलून गेले, की नट आवळता म्हणून दोन घास मिळतात इथे, हे विसरू नका. वन्सं जेवल्या, स्वतःचं ताट धुतलं, माझंही धुतलं. मला वाटलं, मी जिंकले.

वर्षं जातात तशी गेली. भांडणं संपली नाहीत, पण त्यातला दम गेला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी घर ओढलं, मुलींच्या वेण्या घातल्या, आणि मुली सासरी गेल्या तेव्हा माझ्याआधी त्याच रडल्या. नंतर नंतर तर त्या दोन दिवस कुठे गेल्या की मला भांडायला कुणी नसायचं आणि माझं डोकं दुखायचं.

मग त्या आल्यापासून पंचविसाव्या वर्षी ते झालं. मी चुलीपाशी होते. वन्संनी पातेल्यावरचं झाकण उचललं, नुसत्या हातानं, आणि ते हातात धरून त्या माझ्याशी बोलत राहिल्या. झाकणातून वाफ निघत होती. मी ओरडले, हात खाली झटकला. बोटांवर फोड येत होते आणि त्या शांतपणे बघत होत्या, दुसऱ्या कुणाची तरी बोटं असावीत तसं.

मी त्यांना खाली बसवलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. कधीपासून आहे हे, डॉक्टरकडे का गेला नाहीत, आम्ही काय मेलोय का. त्यांनी बोटं पदरात गुंडाळली. मग म्हणाल्या, आठ महिने झाले, बोटांना काही कळत नाही. डॉक्टरांकडेही जाऊन आल्या होत्या, साखरेचा आजार, गेलेली जाण परत येत नाही म्हणून सांगितलं होतं. मला मास्तरांची गाडी आठवली. महिन्यापूर्वीच ती परत आली होती, वरचा बोल्ट ढिला, आटे खरवडलेले. हे म्हणाले होते, बोल्ट जुना झाला असेल. मी वन्संकडे पाहिलं आणि त्यांनी मान हलवली.

"नट वाकडा चढला होता. मला कळलाच नाही. तरी मी म्हटलं, लागला."

मी म्हटलं, अहो, इंजिन असतं त्याच्यावर, आजच यांना सांगते. त्यांनी माझा हात धरला. धरला म्हणजे काय, आपला हात नुसता माझ्या हातावर ठेवला, त्यांना दाबता येत नव्हतं.

"त्याला नको सांगूस. तो मला घराबाहेर काढणार नाही गं. बसवून जेवायला वाढील. तेच नको मला."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन घासांचं माझंच वाक्य होतं ते, इतकी वर्षं त्यांनी ते सोबत बाळगलं होतं आणि मी कधीच विसरून गेले होते. मी त्यांची माफी मागायला हवी होती. ते मला आयुष्यात जमलेलं नाही. मी म्हटलं, मला शिकवा.

हे सुटे भाग आणायला बाजारात गेले की आमची शाळा भरायची. माझा हात त्यांच्यापेक्षा जाड, पण तेल लावून जायचा. नटाच्या मागे थोडं ग्रीस लावायचं म्हणजे तो पान्याच्या कड्यात चिकटून राहतो, पडत नाही. डोळे मिटायचे, कारण उघडे ठेवले की माणूस उगाच बघायला जातो. आणि नट आधी उलटा फिरवायचा. उलटा फिरवताना एका जागी तो बारीकसा खाली बसतो, तिथे आट्याचं तोंड असतं, तिथून सुलटा घ्यायचा. हे शेवटचं मला तीन आठवडे कळलं नाही. मी वैतागून पाना फेकायचे, वन्सं तो उचलून आणायच्या. ज्या दिवशी तो खाली बसणं बोटांना कळलं, त्या दिवशी आम्ही दोघी बायका फरशीवर बसून वेड्यासारख्या हसलो.

पुढे सहा वर्षं हात माझा आणि आवाज वन्संचा. हे गाडीखाली, त्यांना दिसायचे फक्त पाय. वन्संचे आणि माझे. मी उजेड धरायला आलेय असं आम्ही सांगितलं होतं, मग चार पायांत हात कुणाचा हे कोण शोधणार? मी नट चढवायचे, वन्संच्या पायावर पाय द्यायचे, आणि वन्सं म्हणायच्या, लागला. मग घाईघाईनं माझ्या दंडावरचं काळं तेल त्या आपल्या दंडाला पुसायच्या आणि नळावर भावाशेजारी जाऊन उभ्या राहायच्या. मी आत पळायचे, रॉकेलनं हात धुवायचे आणि लांब बाह्यांत खरचटलेलं कोपर झाकायचे. एकदा यांनी खालून विचारलं, ताई, आज हात जड का? त्या म्हणाल्या, वय झालं रे. मी ओठ चावून उभी.

आणि या गृहस्थाचं कौतुक तर विचारू नका. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, आमच्या ताईसारखा हात शोधून सापडायचा नाही, नाहीतर आमची ही, हिला साधं कपाटाचं कुलूप निघत नाही. मी, म्हणजे जिनं कुणाचा अर्धा शब्द ऐकून घेतला नाही, ती मूग गिळून चहा गाळत बसायचे. वन्सं माझ्याकडे बघायच्या, आणि गिऱ्हाईक गेलं की मला मोठा कप द्यायच्या.

वन्सं गेल्या त्या सहाव्या वर्षीच्या हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापानं. जाताना त्यांनी माझ्याकडून काही कबूल करून घेतलं नाही. तेवढा वेळच नव्हता.

हे पुन्हा काम करायला लागले, पण नुसतं वरवरचं. ब्रेक, दिवे, चाकं. स्टार्टरचं काम आलं की हे हात पुसत म्हणायचे, आता होत नाही. दोन गाड्या परत गेल्या. तिसरी दातांच्या डॉक्टरांची. किल्ली फिरवली की टक् व्हायचं आणि गप्प. डॉक्टर गाडी सोडून गेले, म्हणाले, बघा जमलं तर. यांनी मागचं झाकण उघडलं, त्या पत्र्याकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. म्हणाले, महिनाअखेरीला गॅरेज बंद करू.

मी पायरीवर उभी होते. एका वाक्याचं काम होतं. वरचं काम सहा वर्षं मीच करतेय, एवढंच. गॅरेज चालू राहिलं असतं, कुलपाचं उट्टं निघालं असतं, आणि वन्सं सहा वर्षं फुकट जेवल्या असं ठरलं असतं.

"मी बघू का हात घालून?"

हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, तुझ्यानं काय होणार, पण घाल.

हे खाली झोपले. त्यांनी ठोकलं. मी बाही वर सारली आणि हात घातला. हाताला ती वाट पाठ होती, तो आपणहून नटापाशी गेला. मी तो मागे ओढला. पत्र्याला उगाच धडकवला. खालून हे सांगायला लागले, डावीकडे, अजून आत, आणि मी म्हणत राहिले, कुठे, इथे का, सापडत नाही. काढताना नट मुद्दाम पाडला. बसवताना पुन्हा दोनदा पाडला. हे वैतागले, म्हणाले, आधी उलटा फिरव, ताई उलटा फिरवायची. मी विचारलं, उलटा कशाला? त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, आणि मी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं ऐकलं. वीस मिनिटांचं काम, त्याला मी सगळी दुपार घालवली. शेवटी नट चढला तेव्हा वन्संचा शब्द मला तोंडातून काढवेना. मी म्हटलं, झालं वाटतं.

हे बाहेर आले, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. आम्ही नळावर गेलो. माझा हात कोपरापर्यंत काळा, यांनी मला साबण दिला. म्हणाले, सवयीनं येईल हळूहळू, पण तिच्यासारखा हात नाही व्हायचा. मग नळ तसाच वाहता ठेवून ते सांगायला लागले. गेल्या वर्षीची गोष्ट, कारखान्यातल्या वॉचमनची गाडी, नट गंजून बसलेला, पाना घसरत होता. या वयात, म्हणाले, एका हातानं सोडवला गं तिनं तो.

तो नट सोडवताना माझ्या अंगठ्याखालची कातडी सोलून निघाली होती. ती खूण आता यांच्या समोर, साबणाच्या फेसात होती. मी मूठ मिटली.

"हो," मी म्हटलं. "मी होते ना तिथे. त्यांनीच सोडवला."