आजारपणाची सावड

"घरात आजारी माणसाचं कोण करतं?" हा एक प्रश्न विचारत मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत काही वर्षं पायपीट केली, आणि त्याचा मला पगार मिळत असे. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी हा अभ्यास काढला होता. दवाखान्यात माणूस चार दिवस असतो. उरलेले सगळे दिवस त्याला घरातच कोणीतरी भरवतं, धुतं, कुशीवर वळवतं. ते काम कोण करतं आणि त्यापायी करणाऱ्याचं काय बुडतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

त्यांना इथली बोली येणारी बाई हवी होती. बोलण्यात मी कोणाला हार जात नाही, हे आमच्या शेणव्याकडच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. लग्न मोडून मी माहेरी परत आले त्यालाही सासरचे लोक माझं तोंडच कारण सांगत. ज्या तोंडापायी घर गेलं त्याच तोंडाने नोकरी मिळवून दिली, तेव्हा मी त्याला बोल लावत नाही. माहेरी परत आलेल्या बाईला ताटात भात मिळतो, पण शब्दाला किंमत मिळत नाही. ती मला या नोकरीने मिळाली होती.

बायकांचं उत्तर ठरलेलं असायचं. "करतंय कोन? व्हतं आपलं." असं म्हणणारीच्या हातात त्या वेळी म्हाताऱ्याचं धुणं असायचं. पुरुष सांगायचे, "आमी सगळी मिळून करतो." मी विचारायचे, "आज सकाळी पाणी कोणी पाजलं?" मग ते बायकोकडे बघायचे.

डॉक्टरबाईंचा दंडक असा होता, की आपण नुसतं बघायचं आणि ऐकायचं, मध्ये हात घालायचा नाही. आपण मदत केली तर त्या घरात एरवी काय चालतं ते दिसणार नाही. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल. पण आमच्याकडे हातावर हात ठेवून बसलेल्या बाईशी कोणी मनातलं बोलत नाही. मी तांदूळ निवडायचे, पोर कडेवर घ्यायचे आणि तेवढ्यात सगळं विचारून घ्यायचे. माझ्यासारखी माहिती दुसऱ्या कोणी आणली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

मुरबाडच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती. एस.टी. सोडली की ओढा ओलांडून बराच चढ चढावा लागे. तिथे एका घरात म्हातारी खुबा मोडून पडली होती आणि तिचं सगळं सून करत होती. सुनेला मांडीवरचं पोर होतं, नवरा वीटभट्टीवरून आजारी होऊन आलेला आणि जेमतेम स्वतःपुरता उठणारा. मी गेले तेव्हा आवणी चालू होती, म्हणजे भाताची रोपं काढून लावायची घाई. सून दारात बसून रडत होती. मला बघून तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आज मला बोलाया टाइम नाय गो बाय."

कारण विचारलं तर सावडीचं होतं. सावड म्हणजे मी एक दिवस तुझ्या शेतात राबायचं, तू एक दिवस माझ्या शेतात. मजुरी नाही, काही नाही, दिवसाला दिवस. ज्यांना मजूर लावणं परवडत नाही त्यांची शेती अशीच उभी राहते. त्या दिवशी तिला दुसरीच्या शेतात जायचं होतं. ती गेली नाही तर तिच्या शेतात कोणी येणार नव्हतं, आणि गेली तर म्हातारीला बघणार कोण?

"जा तू," मी म्हटलं. "म्हातारीजवळ मी बसते."

ती पोर पाठीशी बांधून गेली. मी दिवसभर त्या घरात होते. म्हातारीला पेज पाजली, अंग पुसलं, खालची फडकी बदलली. म्हातारी मोठी तिखट होती. कुशीवर वळवताना तिने मला अशा शिव्या दिल्या, की माझ्यासारखीने तोंडात बोट घालावं. मी म्हटलं, "आजी, हे असलं मला येत नाही, परत एकदा सांगा." त्यावर ती जी हसली ती खोकला लागेपर्यंत. त्या दिवशी डॉक्टरबाईंचा दंडक मोडला आणि मला काडीचं वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी सून आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पण चेहरा सकाळचा नव्हता. पाय धुता धुता म्हणाली, "तुजा एक दिवस झाला माज्यावर. सांग, कधी येऊ?"

"राहू दे गो," मी हसून म्हटलं. "एवढ्यातेवढ्याचं काय फेडायचं!"

ती उरलेला पाय तसाच ठेवून आत गेली. मला वाटलं दमली असेल. मोठं चांगलं काम केल्याच्या तोऱ्यात मी डोंगर उतरले.

पुढच्या खेपेला वाडीवर गेले तर एक बाई बस म्हणेना. कोणी शेळीमागे निघून गेली, कोणी चुलीपाशी पाठ करून बसली. शेवटी पाणवठ्यावर एका वयस्क बाईला गाठलं आणि सरळ विचारलं, की माझं काय चुकलं? ती म्हणाली, "तिचा दिवस तुला चालत नाय. मंग आमचं बोलनं तरी कशाला चालतं?"

मला फोड करून सांगावं लागलं नाही, मी शेतकऱ्याच्याच घरची. सावड कोणाची नाकारतात ते मला पक्कं माहीत होतं. आमच्या गावात सावड चालते ती भावकीत. डोंगरवाडीच्या बायका आमच्या शेतात येतात त्या मजुरीवर. आमच्या घरचं माणूस त्यांच्या शेतात कधी उतरत नाही. दिवस फेडू न देणं म्हणजे, तू माझ्या बरोबरीची नाहीस, असं तोंडावर सांगणं. गोष्ट बांधावरची असती तर हे मला तेव्हाच कळलं असतं. म्हातारीजवळ बसण्याचाही दिवस धरतात, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तशीच सुनेच्या दारात गेले. म्हटलं, "माझा दिवस ठेव तुझ्याकडे. मला लागेल तेव्हा बोलावेन, आणि तेव्हा कारणं सांगितलीस तर याद राख." ती हसली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी तो तिथेच उभ्याउभ्या रिकामा केला.

त्याच वर्षी थंडीत माझ्या आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. ठाण्याच्या दवाखान्यातून घरी आणली आणि माझ्या नोकरीचा प्रश्न माझ्याच घरात येऊन बसला. वडील आधीच गेलेले. भाऊ आटगावहून लोकलने कल्याणला कामाला जायचा, वहिनी वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला. भावाने दोन दिवस वाट बघून सांगून टाकलं, "तू सोड नोकरी. तुझं काय, तू एकटी." वहिनी बिचारी खाली बघत राहिली, तिला माहीत होतं, मी नाही तर ती.

मी महिनाभर रजा काढली. आईचं केलं, आणि मनापासून केलं. पण मला राग यायचा, तो आईचा नाही. जे काम कोणाला दिसत नाही ते शोधत मी गावोगाव फिरत होते, तेच काम माझ्या पदरात टाकताना भावाला ते काम वाटतच नव्हतं. मग डॉक्टरबाईंचा निरोप आला. माझ्याबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, पण अभ्यास थांबवता येत नव्हता. आठवड्याभरात मी रुजू झाले नाही तर दुसरी बाई घेणार होत्या. ती नोकरी गेली असती तर मी पुन्हा ताटातल्या भातापुरती उरले असते. हे मला नको होतं, अजिबात नको होतं.

आमच्या भावकीतल्या बायका येत होत्या, नाही असं नाही. यायच्या, आईच्या पायाशी बसून डोळ्यांना पदर लावायच्या, चहा प्यायच्या आणि जायच्या. आई डोळे मिटून घ्यायची. पूर्वी याच बायकांना ती आवणीत पुढे राहून दमवायची. मग मला वाडीवरचा माझा दिवस आठवला. बाजाराच्या दिवशी मी त्या वाडीच्या एका बाईला गाठलं आणि म्हातारीच्या सुनेला निरोप धाडला, की सोमवारी ये.

सोमवारी पहिल्या एस.टी.ने ती दारात उभी राहिली. कडेवर पोर, पोराच्या मुठीत नागलीच्या भाकरीचा तुकडा. म्हातारीचं विचारलं तर म्हणाली, नवरा आता हिंडाफिरायला लागलाय, तो बघतो. मी आईला सांगितलं, ही कोण आणि कशाला आली आहे. आईने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. मी पाणी दिलं तर प्यायली. त्या बाईने दिलं तर दात आवळून घेतले.

माझं डोकंच फिरलं. "आये, महिनाभर कोण आलंय गं तुझं करायला? हिच्या हातून पाणी नको आणि माझी नोकरी जाऊ दे, असंच ना?"

आई जड जिभेने म्हणाली, "फुकाट... नको कुनाचं."

 ती बाई मात्र चिडली नाही. तिने पोर खाली ठेवलं, पिशवीतून जुनं लुगडं काढलं आणि आढ्याला झोळी बांधली. पोराला आत घातलं, झोळीच्या दोरीचं टोक आईच्या डाव्या, धड हातात दिलं आणि म्हणाली, "फुकाट कोन करतंय आये? मी तुजं करते, तू माजं पोर सांबाळ. दोरी सोडलीस तर ते रडंल, मग मला काम नाय व्हयाचं."

आईने दोरीकडे बघितलं. पोर कुरकुरलं. आईच्या डाव्या हाताला हिसका बसला आणि झोळी हलली. मी पायांत चपला घातल्या आणि कामाला निघाले.

दिवसभर जीव घरी होता. संध्याकाळी उंबऱ्यावर पाय ठेवला तर आतून आईचा आवाज येत होता, घोगरा, अर्ध्या अक्षरांचा, पण हुकमी. पोराची दुपट्टी उन्हातून काढली का, म्हणून ती त्या बाईला दटावत होती. आईचे केस विंचरलेले होते, अंथरूण स्वच्छ. तोंडाच्या कडेला पेजेचं शीत होतं, म्हणजे तिच्या हातचं खाल्लं होतं. दोरी अजून मुठीतच. मी म्हटलं, "चला, फिटला एक दिवस."

"नाय फिटला," आई म्हणाली. "पोर मी सांबाळलं. तो माजा दिवस. तुजा हाय तसाच हाय."

ती बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिथेच बसले आणि रडले. आनंदाने रडले, हे लपवायचं कशाला.

तिथून आमचं जमलं. ती आठवड्यातून एकदोनदा यायची, उरलेल्या दिवसांत मी आणि वहिनीने वाटून घेतलं, आणि माझी आरडाओरड ऐकून भावानेही रविवारी आईला अंघोळ घालायला सुरुवात केली. पहिल्यांदा त्याने अर्धी बादली स्वतःवरच सांडली. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं आणि वर ऐकवलं, की आपला प्रश्न अर्धाच आहे. पडलेल्या माणसाला, तुमचं कोण करतं, एवढंच विचारून भागत नाही. तुम्ही कोणाचं करता, हेही विचारलं पाहिजे. त्यांनी जरा विचार केला आणि मान्य केलं. त्यानंतर मी ते प्रत्येक खाटेपाशी विचारलं. लोक आधी दचकायचे, मग सांगायला लागायचे.

पावसाळा आला, आवणी आली. एका सकाळी आईने मला हाक मारली. आता ती उशीला टेकून बसायची.

"तिची आवणी कदी?"

"उद्यापासून."

"मंग जा. पोर झोळीत ऱ्हाईना तवापासनं तिचं लई दिवस झालं आपल्यावर. घरातून एक मानूस गेलं पायजे."

भाऊ लोकलचा पास शोधत होता, तो थबकला. "त्यांच्या शेतात? आपल्या घरचं माणूस? आये, लोक काय म्हणतील?"

"लोक येतात का माजं कराया?" आई म्हणाली.

मी गेले. आमच्या घरातलं कोणी वाडीच्या शेतात उतरल्याचं ना मी ऐकलं होतं ना आईने. सून माझ्या एका अंगाला, पाणवठ्यावरची ती वयस्क बाई दुसऱ्या अंगाला. माझ्या हाताची सवय सुटली होती, मी मागे पडत होते, आणि दोघी मला यथेच्छ चिडवत होत्या. घरात म्हातारी त्या पोराला गोष्टी सांगत होती, शिव्यांसकट.

रात्र पडायच्या आत घरी पोचले. भाऊ ओसरीवर बसला होता. आईने मला जवळ बोलावलं, डाव्या हाताने माझं लुगडं जरासं वर उचललं आणि पाय बघितले. चिखल गुडघ्याच्या वर होता.

"भरला दिवस," ती म्हणाली. मग भावाला हाक मारून सांगितलं, "हिला पाय धुवाया ऊन पानी दे."