मी जळस

सीमेवर तोफगोळा जवळच फुटला आणि आमचे हे दोन्ही कान गमावून घरी आले. आम्ही मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, आता जळगावला पिंप्राळ्यात राहतो. यांना ओठ वाचता येतात, पण फक्त माझे, आणि तेही अहिराणी बोलणारे. कोणी शहरी मराठीत बोललं की हे माझ्याकडे बघायचे, मग मी तेच अहिराणीत म्हणायचे. डॉक्टर असो की व्याही, सगळं जग माझ्या तोंडून यांच्याशी बोलायचं. त्याचा मला भारी तोरा होता.

पुढे हे बहिऱ्या पोरांमध्ये बसून खुणांची भाषा शिकले आणि त्यांच्या हक्कांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागले. सोबत एक तरणी दुभाषी. तिनं दोन बोटं हलवली की हे खदखदून हसायचे, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खुणा शिक म्हणून हे मागे लागले, पण मी हट्टानं शिकले नाही. शिकले असते तर माझे ओठ कोणी बघितले असते?

दवाखान्यात बहिऱ्यांसाठी दुभाषी हवा, ही यांची मागणी. ती घेऊन हे कचेरीतल्या मोठ्या साहेबांकडे निघाले, त्या दिवशी ती पोरगी आली नव्हती, म्हणून मी बरोबर गेले. साहेब म्हणाले, तुमच्या मिसेस एवढं छान सांगतात, मग दुभाषी कशाला? हे वाक्य मी यांना अगदी चवीनं सांगितलं.

यांचा आवाज अजून परेडच्या मैदानावरचाच. "साहेब, ज्याले बायको नही, त्यानी काय करानं?"

दुभाषी नेमायचं साहेबांनी कबूल केलं.

परतताना रिक्षात यांनी विचारलं, तोंड का पाडलं. मी म्हटलं, "मी जळस."

"जळगाव? जळगावमाच तं राहतस आपण."

हसू आलं आणि रडूही. मी सावकाश पुन्हा म्हटलं, "जळस. त्या पोरवर."

हे माझ्या ओठांकडे बघतच राहिले. मग रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इतला वरीस तू मले दुसरासनंच बोलनं सांगं. आज पहिल्यांदा तुन्हं सांगं."