कागदावरचा सोफा

एस्नार्त तेंबो एकवीस वर्षं खडी फोडत होती. आमच्या घराच्या स्लॅबमध्ये तिची खडी आहे, वस्तीतल्या दवाखान्याच्या पायात आहे, आणि ज्या कार्यालयाने तिला गरीब मानायला नकार दिला त्याच्या पायऱ्यांतही असणार. लुसाकातली ही आमची वस्ती सगळी चुनखडकावर बसली आहे. दारात खणलं तरी दगड लागतो. बाया रस्त्याच्या कडेला पोत्यांचा आडोसा करून बसतात, जुन्या ट्यूबच्या रबराचं कडं करून त्यात दगड धरतात आणि वरून हातोडी घालतात. कडं असतं म्हणून बोटं वाचतात. डोळे वाचत नाहीत.

मागच्या वर्षी थंडी सरता सरता एक कपची उडाली आणि तिच्या उजव्या डोळ्यात गेली. डॉक्टरने सांगितलं, हा डोळा गेला. दुसरा राखायचा असेल तर हातोडी सोडा.

"डॉक्टर म्हणतो दगड सोडा," ती मला म्हणाली. "दगडाने मला कुठे धरलंय, बा सुमन? मीच त्याला धरून बसलेय."

एकतीस वर्षं झाली मला इथे; नावाआधीचं 'बा' हे इथलं मानाचं. चर्चच्या हॉलमध्ये मी शिवण शिकवते, आणि एस्नार्तची थोरली नात ताओंगा माझ्याकडे येते. ताओंगा बारा वर्षांची, धाकटी लव्हनेस सात वर्षांची. त्यांची आई म्विझा गेली तेव्हा लव्हनेस रांगतही नव्हती. इथे बाईला थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारायची रीत आहे. एस्नार्तला सगळे 'बाना म्विझा', म्विझाची आई, म्हणायचे. लेक गेल्यावर तिने सगळ्यांना सांगून टाकलं, मला आता माझ्या नावाने बोलवा. लोकांना ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं.

त्याच सुमारास समाजकल्याण कार्यालयाने जाहीर केलं की वस्तीतल्या सगळ्यांत गरीब शंभर घरांना दोन वर्षं दर महिन्याला मदत मिळेल. आधी माणसं घरोघर येऊन पाहणी करणार, मग यादी लागणार. एस्नार्तने तेव्हाच ठरवून टाकलं. पहिल्या दोन महिन्यांच्या पैशांत कढई, तेल आणि पीठ घ्यायचं, शाळेच्या फाटकाशी बसून वितुंबुवा तळायचे. गोड पिठाचे गोळे, मुलं दोन-दोन घेतात.

"आणि डोळा?" मी विचारलं.

"तळणाला डोळा लागत नाही. नाक लागतं."

तर तिचं सगळं त्या यादीवर होतं. उरलेला डोळासुद्धा.

पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी बाना म्वापे आली. दोन घरं सोडून हिचा बियरचा धंदा. घरात फ्रिज, भिंतीएवढा स्पीकर आणि लाल रंगाचा तीन जणांचा सोफा. मी तेव्हा एस्नार्तकडेच होते.

"उद्या ऑफिसची माणसं येणार," बाना म्वापे म्हणाली. "बसवणार कशावर? ह्या बादलीवर?"

"बादली पालथी घातली की बसता येतं. तू नाही का बसलीस आत्ता?"

"मी घरची. पाहुण्याला बादलीवर बसवलं असं बाजारात कळलं तर नाक तुझं एकटीचं नाही कापलं जाणार, सगळ्या गल्लीचं जाईल. माझा सोफा घेऊन जा."

"एवढा मोठा?"

"मग काय छोटा देऊ? पाहणी पुरती संपेपर्यंत राहू दे तुझ्याकडे. मला काही घाई नाही."

एस्नार्तचे डोळे भरून आले. एकात दिसत नव्हतं, पाणी मात्र दोन्हींतून आलं. मलाही भरून आलं, हे कबूल करते. आणि मी काय केलं? घरी जाऊन माझे सोनेरी काठाचे सहा कप घेऊन आले. पुढचं सगळं सांगण्याआधी हे सांगायला हवं, नाहीतर माझ्या रागाला अर्थ नाही.

सोफा आला तेव्हा खोली संपली. एस्नार्तने त्यावर कमरेला गुंडाळायचं आपलं नवं चितेंगे अंथरलं, सोफ्याबरोबर आलेले क्रोशाचे रुमाल पाठीवर टाकले आणि नातींना बजावलं की यावर कोणी बसायचं नाही. रात्री तिघी सोफा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पाहणीवाले आले, एक मुलगी आणि एक मुलगा. पंचविशीतले, इस्त्रीचे कपडे, हातात टॅब. एस्नार्तने गुडघे टेकून, टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत केलं. सोफ्यावर बसवलं. ताओंगाने हातांवर पाणी घातलं. आणि मग एस्नार्तने जेवण आणलं. तिच्याकडे एक कोंबडी होती, अंड्यांवरची. ती तिने कापली होती. न्शिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, पांढरेशुभ्र गोळे, वर रस्सा, आणि कोंबडीच्या पोटातला तो घट्ट तुकडा, जो मानाच्या पाहुण्याच्याच ताटात जातो, तो त्या मुलाच्या ताटात.

ती मुलं नको म्हणाली नाहीत. इथे नको म्हणायचंच नसतं, ते मला ठाऊक आहे. पण जेवता जेवता डाव्या हाताने टॅबवर खुणा करायच्याच होत्या का?

"अंबुया," मुलगी गोड आवाजात, आजीला हाक मारावी तशी, म्हणाली, "गेल्या सात दिवसांत घरात मांस शिजलं होतं का?"

एस्नार्त हसली. "तुमच्यासमोरच आहे की, पोरी."

मुलीने खूण केली.

"दिवसातून किती वेळा जेवता?"

आता, समोर पाहुणा घास घेतोय. त्याच्या तोंडावर म्हणायचं का, की आम्ही एकदाच खातो, तेही न्शिमा आणि चिमूटभर सुकी मासळी? तसं म्हटलं तर त्याच्या घशात घास अडकेल. इथे कुठलीही शहाणी बाई तसं म्हणणार नाही.

"देव देतो," एस्नार्त म्हणाली. "पोट भरून देतो."

"म्हणजे तीनदा लिहू?"

"लिहा. तुम्ही आणखी थोडा रस्सा घ्या."

मी मध्ये बोलले. म्हटलं, "अहो, ही कोंबडी आज तुमच्यासाठी कापलीय, आणि हा सोफा..."

"मॅडम," मुलगा म्हणाला, "उत्तरं घरातल्या माणसानेच द्यायची असतात. तुम्ही शेजारी ना?"

एस्नार्तने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प झाले. पाहुण्यांसमोर घरचं उघडं करू नकोस, असं ती नजर सांगत होती. माझेच कप त्यांच्या हातात होते. शेवटी एस्नार्तने टॅबवर अंगठा उमटवला, फाटकापर्यंत त्यांना पोचवायला गेली, परत आली आणि म्हणाली, "चांगली मुलं होती. ताट पुसून खाल्लं."

नातींना रस्सा मिळाला. तुकडा मिळाला नाही.

तीन आठवड्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर यादी लागली. ताओंगाने ती वरून खाली वाचली, मग खालून वर. एस्नार्त तेंबो नव्हती. सदतिसाव्या क्रमांकावर बाना म्वापे होती, तिच्या कागदावरच्या पूर्ण नावाने.

मग हळूहळू कळत गेलं. पाहणीच्या दिवशी बाना म्वापेच्या घरात काही नव्हतं. फ्रिज भावाकडे, स्पीकर त्याच्याच गाडीत, सोफा एस्नार्तकडे, आणि पुन्हा तपासणी होईल म्हणून तो तिने अजून परत नेलाच नव्हता. बाई स्वतः पोत्यावर बसली होती, पाहणीवाल्यांना साधं पाणीही विचारलं नाही, आणि रडली म्हणे. तिथून निघून ती मुलं सरळ एस्नार्तच्या दारात आली, सोफ्यावर बसली आणि कोंबडी जेवली.

मला बाना म्वापेचा राग आला, पण तिच्यापेक्षा जास्त राग त्या टॅबचा आला. गरिबी मोजायला निघालेल्या ह्या लोकांना एवढंही कळत नाही की ह्या वस्तीत घरात जितकं कमी, तितकं पाहुण्यापुढे जास्त येतं? ही काय परदेशातून आलेली मुलं होती? त्यांच्या आज्यांनी कधी उसना कप मागून आणला नसेल? आणला असेल. त्यांना ठाऊक होतं. टॅबमध्ये त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्यांनी ठाऊक असलेलं सोडून दिलं, आणि वर पोटभर जेवून गेली.

मी एस्नार्तला कार्यालयात घेऊन गेले. तक्रारीच्या टेबलाशी एक साहेब होते, जाड आणि सभ्य. त्यांनी संगणकात पाहिलं.

"सोफा आहे. मांसाहार आहे. तीन वेळचं जेवण. कप-बशांचा संच. अंबुया, असं असताना तुमचं नाव यादीत कसं येईल?"

"सोफा माझा नाही, साहेब."

"मग कोणाचा?"

चुगली करणं एस्नार्तच्या स्वभावात नाही. पण धाकट्या नातीची शाळेची चप्पल त्या सकाळीच तुटली होती, आणि ती तारेने बांधलेली मी पाहिली होती.

"बाना म्वापेचा," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा संगणकात पाहिलं. "त्यांच्या घरी सोफा नाही. इथे स्पष्ट लिहिलंय, बसायला पोतं."

"कारण तो माझ्याकडे होता."

"तेच तर मी म्हणतोय. तुमच्याकडे होता." ते समजावणीच्या सुरात बोलत होते. "सोफा कोणाचा तरी असायला हवा ना, अंबुया? त्यांचा नाही. मग तो तुमचाच. कोणाचाच नाही असा सोफा नसतो."

"साहेब, तुम्ही येऊन बघा," मी म्हटलं. "पाच मिनिटांचा रस्ता आहे."

"फेरतपासणीला आमची माणसं येतील. पुढची यादी दोन वर्षांनी."

दोन वर्षं अशीच हातोडी चालली तर पुढची यादी नुसती बघायलाही तिला डोळा उरणार नव्हता. मला ओरडावंसं वाटलं. एस्नार्त शांत होती. ती खुर्चीतून जरा पुढे सरकली.

"म्हणजे सोफा माझा, असं तुम्ही म्हणता?"

"आमच्या नोंदीत तसं आहे."

"लिहून द्याल?"

"माहितीची प्रत मागायचा तुमचा हक्कच आहे," साहेब म्हणाले आणि खूश झाले. निदान एक गोष्ट तरी त्यांना देता येत होती. यंत्रातून कागद आला, त्यावर त्यांनी गोल शिक्का मारला आणि फुंकर घालून वाळवला.

बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली, "वाच, बा सुमन. सावकाश."

मी वाचलं. मालमत्ता: तीन जणांचा सोफा, एक. मालक: एस्नार्त तेंबो.

"मालक," ती म्हणाली. तिने कागदाची घडी करून कमरेच्या चितेंगेत खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाना म्वापे बियर आणायला गावात गेली असताना, हातगाडी आली. लाकडी सामान घेणाऱ्या माणसाने विचारलं, "चोरीचा तर नाही ना?" एस्नार्तने कागद दाखवला. त्याने शिक्का पाहिला, मान डोलावली आणि सोफा गाडीवर चढवला. क्रोशाचे रुमाल तिने घडी करून बाना म्वापेच्या दाराला बांधून ठेवले. रुमाल कागदावर नव्हते.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मला पाप वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग होता, तोच मी तसाच देवासमोर ठेवला.

आठवड्याभरात शाळेच्या फाटकाशी कढई चढली. बाना म्वापे तिथेच आली, भर मधल्या सुट्टीत, पोरांच्या गर्दीत.

"माझा सोफा कुठाय?"

एस्नार्तने गोळा उलटला. "कुठला?"

"एस्नार्त, मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

"मीही ठेवला. ऑफिसात जा आणि सांग, सोफा माझा आहे म्हणून. मी येते साक्षीला. कढई ताओंगा बघेल."

बाना म्वापेने पोरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. यादीतलं सदतिसावं नाव तिच्या तोंडावर दिसत होतं. "देव बघतोय," ती म्हणाली.

"बघू दे. त्याला दोन्ही डोळे आहेत."

एस्नार्तचं तेवढंच म्हणणं होतं. पण मला आजही शांत होता येत नाही. एका आजीला डोळा राखायला शेजारणीचा सोफा विकावा लागला. त्या साहेबांच्या नोंदी अजून चोख आहेत. शंभरातली किती घरं अशी पोत्यावर बसून यादीत आली, आणि किती घरांनी कोंबडी कापून आपलं नाव पुसून घेतलं, कोण सांगणार?

परवा फेरतपासणीला तीच मुलगी आली. घरी कुलूप पाहून फाटकाशी आली. एस्नार्तने पायाने बादली तिच्याकडे सरकवली, पालथी घातलेली. मुलगी जरा घुटमळली, मग बसली.

"अंबुया, सोफा दिसला नाही खिडकीतून."

"विकला."

मुलीने टॅबवर खूण केली. मी वाकून पाहिलं. उत्पन्नात वाढ, असं काहीतरी होतं.

तळणाचा वास सुटला होता. मुलीने कढईकडे पाहिलं. "छान दिसतायत. दोन द्या ना."

एस्नार्तने दोन गोळे कागदात बांधले आणि हात पुढे केला. "चार क्वाचा."

मुलगी हसली. तिला वाटलं थट्टा आहे. "पाहुण्यांकडून पैसे?"

"पाहुणे मागच्या वेळी जेवून गेले," एस्नार्त म्हणाली.