दोन खुंट्या आणि एक विहीर

हिमनदीवर ओढायची आमची रडारची घसरगाडी मोडली, म्हणून तिची चौकट नव्याने करून घ्यायला मी ती बेळगावला उद्यमबागेतल्या ओळखीच्या कारखान्यात आणली. हे घरी वडिलांना, आप्पांना, सांगायची दुर्बुद्धी मला झाली. त्यांनी लगेच घर बांधायला ठरवलेल्या सदलग्याच्या गवंड्याला थांबवलं. "आमची पोरगी मशीन घिऊन येतीया. हिर दावंल, मग पायाला चुन्याची फक्की मारू."

ती विहीर माझ्या आजोबांनी खणलेली. गावच्या विहिरीत आम्हाला पोहरा टाकू देत नसत, म्हणून. पुढे नळ आले, विहीर ढासळली, बुजवली, वर गवत वाढलं. आता त्याच जागेत आप्पांना घर बांधायचं होतं आणि काही झालं तरी बापाच्या विहिरीवर पाया घालायचा नव्हता. पण विहीर नेमकी कुठे, यावर त्यांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं, माझ्या आत्तीचं, जमत नव्हतं.

काळ्या मातीत रडार चालत नाही, असं मी फोनवर बजावलं होतं. आप्पांना तो माझा विनय वाटला.

सगळी वस्ती बघायला जमली. मी नव्या चौकटीची गाडी ओढली. बर्फात रडारची लहर तळाच्या खडकावर आपटून परत येते, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी कळते. इथे ओल्या चिकणमातीने ती हातभरातच गिळून टाकली. पडद्यावर नुसती करडी गिचमीड.

"एवढ्या बर्फातनं दिसतंय, आन् हितं पुरुसभर खोल बी न्हाय?"

"बर्फ लहर जाऊ देतंय आप्पा. माती देत न्हाय."

"आपलीच माती?"

त्यांनी हे अशा काही सुरात विचारलं की मला माझ्याच शिक्षणाची शंका यायला लागली.

मग चिडून मी उपग्रहावरून नेमकी जागा मोजणारा रिसीव्हर काढला. हिमनदीत रोवलेली काठी वर्षभरात किती सरकली, हे मी त्यावर बोटभर फरकाने सांगते. दोघांना म्हटलं, जिथं विहीर होती तिथं उभे राहा. आप्पा छातीठोकपणे एका जागी उभे राहिले. आत्ती तितक्याच छातीठोकपणे बरीच अलीकडे. "हितंच कळशी ठेवत हुते की मी!"

दोन खुंट्या ठोकल्या. यंत्राने दोन्ही जागा चोख नोंदवल्या आणि मी मधे खुळ्यासारखी उभी. काठी सरकते कारण बर्फ उताराला वाहतो, एवढं मला कळतं. विहीर कशाने सरकली? कुणा एकाच्या डोक्यात सरकली, की दोघांच्याही? काही म्हणता काही सुधरेना.

"मग खरी कंची गं?" आप्पांनी विचारलं.

"मला कळंना आप्पा." एवढ्या माणसांत मला रडूच आलं.

आप्पा एका खुंटीपासून दुसरीपर्यंत चालत गेले. मग गवंड्याला म्हणाले, "दोन्ही सोड. घर मागं घे."

"मागं जागा कुठाय? एक खोली जातीया बघा."

"जाऊ दे."

आत्ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ती तुझ्यासाठी धरलेली की गं."

घरात माझी खोली असणार होती, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.